उणे चाळीसची शाळा

मागच्या सेमला रेफ्रिजरेशनच्या ओरलमध्ये मला एकच प्रश्न नीट येत होता आणि नेमकी त्याच प्रश्नावर मी आपटले. अन्न झटपट का गोठवायचं, हळूहळू का नाही? मी पाठ केलेलं धडाधड म्हणून टाकलं. हळू गोठवलं की बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशींची वाट लागते, वितळल्यावर पाणी सुटतं आणि चव जाते. एक्स्टर्नल सरांनी मान डोलावली. मला वाटलं सुटले! पण त्यांनी लगेच विचारलं, की हे सगळ्यात आधी लक्षात आलं कुणाच्या आणि कसं? मी छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, शेवटी माझ्या जर्नलच्या कव्हरकडे बघितलं. सर हसले आणि म्हणाले की क्लॅरेन्स बर्ड्सआय हे नाव लिहून घे आणि परीक्षा संपल्यावर वाच. मार्कांचं काय झालं ते विचारू नका. पण नाव मी लिहून घेतलं होतं, आणि सुट्टीत खरंच वाचत बसले.

वाचण्याआधी माझी कल्पना अशी, की कुणीतरी पांढरा कोट घातलेला शास्त्रज्ञ मायक्रोस्कोपमधून पेशी बघत असणार. निघाला भलताच. धड डिग्रीही नसलेला, कोल्ह्यांच्या कातड्यांचा व्यापार करणारा एक हौशी माणूस. आणि त्याची लॅब म्हणजे कॅनडाच्या पूर्व टोकाचं लॅब्रॅडॉर, जिथे लोक गोठलेल्या पाण्याला भोक पाडून मासे धरत होते.

क्लॅरेन्स बर्ड्सआयचा जन्म ९ डिसेंबर १८८६ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. नऊ भावंडांत सहावा. आडनाव ऐकून ते कंपनीने जाहिरातीसाठी बनवलं असेल असंच वाटतं, पण ते खरोखरचं आहे. घराण्यात एक दंतकथा होती, की इंग्लंडच्या कुठल्याशा राणीवर झेपावणाऱ्या ससाण्याच्या बरोबर डोळ्यात एका पूर्वजाने बाण मारला, म्हणून हे नाव पडलं. खरं-खोटं देव जाणे.

पोराला लहानपणापासून प्राण्यांचं वेड. आपल्या वयाला लोक गोट्या खेळतात, त्या वयात हा मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरून ते जिवंत दिसतील असे मांडायला शिकला, आणि अकराव्या वर्षी तर ते शिकवण्याचे क्लास घेतो अशी जाहिरात दिली! पुढे अॅमहर्स्ट कॉलेजात गेला. तिथे मुलांनी त्याला बग्ज म्हणजे किडेवाला असं नाव पाडलं. (नाव पाडण्यात सगळ्या देशांतली हॉस्टेलं सारखीच.) वडील वकील होते, पण घरची आर्थिक घडी बिघडली आणि फीचे वांधे झाले. मग या पठ्ठ्याने बेडूक पकडून ते ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयाला विकले, तिथल्या सापांच्या जेवणासाठी. काळे उंदीर पकडून कोलंबिया विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला विकले. तरीही भागलं नाही आणि १९०८ च्या सुमारास त्याने डिग्री न घेताच कॉलेज सोडलं.

नंतर सरकारी जीवशास्त्र सर्वेक्षणात नोकरी, न्यू मेक्सिको आणि अॅरिझोनाच्या रखरखीत भागात भटकंती. १९१० ला तो माँटाना राज्यातल्या बिटररूट खोऱ्यात गेला. तिथे गोचिडीमुळे पसरणारा एक ताप माणसं मारत होता आणि त्याच्या अभ्यासासाठी जंगली प्राणी आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडी गोळा करायच्या होत्या. त्याने शेकडो प्राणी धरले, त्यांच्यावरून हजारो गोचिडी निघाल्या. त्याची आणखी एक सवय म्हणजे जे समोर येईल ते शिजवून खाऊन बघायचं. लिंक्स मांजर, देवमासा, ध्रुवीय अस्वल, काहीही. माझ्या मेसमधल्या भाजीबद्दल तक्रार करणाऱ्या मैत्रिणींना मी हे मुद्दाम सांगते. पण ही सवय नुसती गंमत नाही, पुढे तीच कामी येणार आहे.

१९१२ मध्ये तो लॅब्रॅडॉरला पोचला. डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल नावाचे एक इंग्रज डॉक्टर १८९२ पासून त्या किनाऱ्यावर वैद्यकीय मिशन चालवत होते, त्यांच्या जहाजावरून काही आठवड्यांच्या फेरीला म्हणून हा गेला. त्या काळात चंदेरी कोल्ह्याच्या कातडीला सोन्यासारखा भाव होता. याला धंदा दिसला आणि फेरीला गेलेला माणूस कुत्र्यांच्या गाडीवरून शेकडो मैल हिंडत कोल्हे विकत घ्यायला लागला. मुक्काम सँडविच बे नावाच्या खाडीच्या परिसरात, कार्टराइट गावाजवळ. नकाशात बघितलं तर कार्टराइट साधारण इंग्लंडच्या मँचेस्टरच्या अक्षांशावर येतं. मग मँचेस्टरला नुसता पाऊस आणि इथे हाडं गोठवणारी थंडी, असं का? कारण लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्याला लागून आर्क्टिककडून येणारा थंड प्रवाह वाहतो, आणि हिवाळ्यात वारे गोठलेल्या जमिनीवरून येतात. पारा उणे ४० पर्यंत उतरू शकतो. उणे ४० सेल्सिअस की फॅरनहाइट असं विचारू नका, तिथे दोन्ही एकच असतात. एवढा एक जोक आमच्या ब्रँचला दर वर्षी पुरतो.

आता त्या गोठलेल्या पाण्यावरची मासेमारी कशी चालते ते जरा सावकाश सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

पाणी ४ अंशाला सगळ्यात जड असतं हे आपण नववीत शिकलो आणि दहावीत विसरलो. सरोवर थंड होताना ४ अंशाचं पाणी तळाला बसतं, त्याहून थंड पाणी वर राहतं आणि बर्फ वरून धरायला लागतो. एकदा बर्फाची जाड लादी झाली की तीच पांघरुणाचं काम करते. म्हणजे वर उणे ४० आणि लादीखाली मासे आरामात, शून्य ते चार अंशांत! उत्तर कॅनडाच्या सरोवरांत ट्राउट असतो, पाइक असतो, आणि व्हाइटफिश. व्हाइटफिश म्हणजे चंदेरी अंगाचा, छोट्या तोंडाचा, तळाशी गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्या टिपत फिरणारा मासा. तोंड छोटं, म्हणून गळ बारीक लागतो आणि हात हलका. तो हिसका देत नाही, नुसती दोरी किंचित जड होते. ते कळायला सराव पाहिजे, आणि उणे ३०-४० मध्ये बोटं बधिर झालेली असताना तर जास्तच.

भोक पाडायला पहारीसारखं लांब दांड्याचं पातं. बर्फ चांगला हातभर, कधी त्याहून जाड. भोक झालं की त्यात बर्फाचा चुरा तरंगतो, तो आपण कढईतून भजी काढतो तशा झाऱ्यासारख्या साधनाने काढत राहायचा, कारण काढला नाही तर भोक परत मिटतं. मग हातात दोरी धरून गळ खाली सोडायचा, वर-खाली हलवत राहायचं आणि वाट बघायची.

इथे एक फाटा फोडते, माफ करा, पण मेकॅनिकलच्या लोकांना आवडेल. मासे जास्त पाहिजेत तर बर्फाखाली जाळं पसरावं लागतं. पण पसरणार कसं? वरून लादी, आत जाऊ शकत नाही. विनिपेगसारख्या मोठ्या सरोवरांवर व्हाइटफिशचा धंदा करणारे कोळी त्यासाठी जिगर नावाची एक फळी वापरायला लागले. लाकडी फळी भोकातून आत सरकवली की ती तरंगून बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटते. फळीला मध्ये खाच, खाचेत लोखंडी तरफ. भोकाशी उभ्या माणसाने दोरी ओढली की तरफेचं टोक वरच्या बर्फात रुततं आणि फळी पुढे ढकलली जाते. दोरी सैल सोडली की तरफ मागे येते. परत ओढा, परत सैल सोडा. अशी ती फळी बर्फाखालून पावलापावलाने चालत जाते, मागे दोरी घेऊन. दुसरा माणूस वरून तिचा खटखट आवाज ऐकत चालतो आणि ती थांबली की तिथे दुसरं भोक पाडतो. झालं, दोरी आरपार, आता तिला जाळं बांधून ओढा. ना मोटार, ना सेन्सर. आमच्या मिनी-प्रोजेक्टचा रोबो फरशीवरही सरळ चालला नव्हता.

तर बर्ड्सआयकडे परत येऊ. त्या भागातले मूळ रहिवासी म्हणजे इन्युइट. पूर्वी पुस्तकांत एस्किमो लिहायचे, ते त्यांना आवडत नाही. त्यांच्याबरोबर बर्फावर बसून हा मासे धरायला शिकला. भोकातून मासा वर आला की ओला मासा थेट उणे ४० च्या वाऱ्यात. बर्फावर टाकला की दोन-चार वेळा तडफडतो आणि बघता बघता लाकडासारखा कडक होतो. इन्युइट लोक असे मासे रचून ठेवत आणि लागेल तसे महिनोन्महिने खात. बर्ड्सआयने ते खाल्ले आणि चकित झाला. महिन्यांपूर्वीचा मासा, पण चव आत्ता काढल्यासारखी.

गोठवलेला मासा त्याने आधी खाल्ला नव्हता असं नाही. अमेरिकेत तेव्हा कोल्ड स्टोरेजचा मासा मिळायचाच, आणि तो पिचपिचीत, वास येणारा, गरिबाने नाइलाजाने खायचा असा समजला जायचा. अगदी आमच्या घरी बाजारात मासळीचे कल्ले उघडून बघणारी आई बर्फातला म्हणून नाक मुरडते, तसंच. मग फरक कशाचा? गोठणं तर दोन्हीकडे आहे. इथे त्याची ती खाऊन बघायची सवय कामी आली. त्याच्या लक्षात आलं, की लॅब्रॅडॉरमध्येसुद्धा ऐन हिवाळ्यात गोठलेलं मांस आणि मासे छान लागतात, पण हिवाळा सुरू होताना किंवा संपताना गोठलेले तितके चांगले लागत नाहीत. जागा तीच, मासा तोच, माणसं तीच. बदलतंय काय, तर फक्त थंडीचा जोर, म्हणजेच गोठायला लागणारा वेळ.

मला हे वाचून पहिल्यांदा ते ओरलचं उत्तर खरं वाटलं. मी बसून ढोबळ आकडेमोड केली. प्लँक नावाच्या जर्मन इंजिनियरचं १९१३ चं समीकरण आपल्याला आहे, बर्ड्सआय लॅब्रॅडॉरमध्ये होता त्याच काळातलं. तीन सेंटिमीटर जाड मासा धरला, वारा जोरात धरला, तर उणे ४० मध्ये तो आतपर्यंत गोठायला साधारण पाऊण तास येतो. तोच मासा, तोच वारा, पण हवा फक्त उणे ५, तर जवळजवळ आठ तास! कारण पाणी नुसतं एक अंश थंड करायला जेवढी उष्णता काढावी लागते त्याच्या सुमारे ऐंशी पट उष्णता शून्याचं पाणी शून्याचाच बर्फ करायला काढावी लागते. ती काढायला वेळ लागला की स्फटिकांना मोठं व्हायला सवड मिळते. ते पेशींतलं पाणी ओढून घेतात, पेशींच्या भिंती फाटतात, आणि वितळल्यावर ताटात नुसतं पाणी. झटपट गोठलं तर स्फटिक बारीक राहतात, पेशी शाबूत राहतात.

बर्ड्सआयने हे समीकरण वगैरे मांडलं नाही. त्याने कोबी आणला. १९१५ मध्ये त्याचं एलेनॉर गॅरेटशी लग्न झालं, १९१६ ला मुलगा झाला, आणि पाच आठवड्यांच्या बाळाला घेऊन दोघं लॅब्रॅडॉरला आली. तिथे हिवाळ्यात ताजी भाजी नावाला नाही. मग त्याने जहाजातून आलेला कोबी पिंपात खारं पाणी घालून थराथराने वाऱ्यात गोठवला आणि लागेल तसा फोडून काढला. तान्हं मूल घरात असताना हे प्रयोग चालले होते, म्हणजे प्रश्न नुसता चवीचा नव्हता हे उघड आहे.

१९१७ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला परतलं. इथे बहुतेक गोष्टी लॅब्रॅडॉर सोडून पुढे जातात, पण मला तिथे एक मिनिट थांबायचंय. पुढच्याच वर्षी, १९१८ च्या शरद ऋतूत, जहाजांबरोबर त्या किनाऱ्यावर इन्फ्लुएंझाची साथ आली. उत्तरेकडच्या ओकाक नावाच्या इन्युइट वस्तीत २६३ माणसं होती, त्यातली २०४ गेली. गाव उठलंच. सँडविच बेच्या परिसरातही घरंच्या घरं रिकामी झाली आणि अनाथ मुलांसाठी त्याच खाडीतल्या मडी बे इथे १९२० मध्ये निवासी शाळा काढावी लागली. बर्ड्सआयला बर्फावर मासे धरायला ज्यांनी शिकवलं त्यांचं त्या साथीत काय झालं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या चरित्रांत त्यांची नावं नसतात. इन्युइट लोकांकडून शिकला, एवढं एक वाक्य असतं.

अमेरिकेत परत आल्यावर तो मत्स्यव्यवसायाच्या एका संघटनेत लागला आणि बंदरावरून गावोगाव जाणारा मासा वाटेत कसा खराब होतो हे रोज बघायला लागला. मग १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने प्रयोग चालू केले. सामान काय, तर विजेचा पंखा, मिठाच्या पाण्याच्या बादल्या आणि बर्फाच्या लाद्या. खर्च सात डॉलर सांगितला जातो. जागा म्हणजे न्यू जर्सीमधल्या एका आइस्क्रीम कारखान्याचा कोपरा. लॅब्रॅडॉरचा वारा तो न्यू जर्सीत पंख्याने बनवत होता! १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळी बाजाराजवळ बर्ड्सआय सीफूड्स ही कंपनी काढली. उणे ४३ च्या हवेत मासे गोठवायचे. मासे उत्तम गोठले, पण गिऱ्हाईक आलं नाही. गोठलेला मासा म्हणजे वाईट मासा, हे लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. १९२४ मध्ये दिवाळं निघालं.

आपण असतो तर कॅट दिली असती. याने विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले, भागीदार शोधले आणि जनरल सीफूड ही नवी कंपनी काढली. १९२५ मध्ये ती मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या कोळ्यांच्या बंदरात हलली. तिथे त्याने जे मशीन बनवलं ते मला त्याचं खरं काम वाटतं.

गोठवण्याचे झटपट प्रकार तोवर दुसऱ्यांनीही केले होते. डेन्मार्कचा ओटेसेन थंड खाऱ्या पाण्यात मासा थेट बुडवत असे. त्यात उष्णता भराभर निघते, पण मासा खारट होण्याची भीती. शिवाय साध्या मिठाचं द्रावण उणे २१ च्या खाली नेलं की स्वतःच गोठतं. बर्ड्सआयने कॅल्शियम क्लोराइड घेतलं, ज्याचं द्रावण उणे ५० च्याही खाली पातळ राहू शकतं. पण ते खाण्याला लागता कामा नये. म्हणून त्याने आधी मासा साफ केला, तुकडे केले, चपट्या चौकोनी खोक्यात भरले, आणि ते खोकं दोन स्टीलच्या पट्ट्यांमध्ये दाबून पुढे सरकवलं. पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला उणे ४० च्या आसपासचं खारं पाणी. पाणी पट्ट्याला लागतं, पट्टा खोक्याला लागतो, खोक्याला पाणी लागत नाही. खोकं दोन्ही बाजूंनी एकदमच गोठतं. पुढे त्याने पट्ट्याऐवजी पोकळ धातूच्या पाट्या एकावर एक रचल्या, आतून अमोनिया फिरवला, आणि त्यांच्यामध्ये खोकी दाबली. प्लेट फ्रीझर आपण सिलॅबसमध्ये शिकतो तो हाच.

खोकं चपटं का, हे पुन्हा प्लँककडे बघा. आतून बाहेर उष्णता वाहण्याच्या भागात जाडीचा वर्ग येतो. जाडी दुप्पट, तर तो वेळ चौपट. आई दर जानेवारीत मटार सोलून, उकळत्या पाण्यातून काढून, पिशवी गच्च भरून फ्रीझरमध्ये कोंबते आणि मे महिन्यात त्याचा लगदा होतो. यंदा मी ताटात एकेरी थर पसरवून गोठवायला लावले आणि मग पिशवीत भरले. मटार सुटे राहिले. इतक्या वर्षांच्या फीचा घरात दिसलेला हा पहिला परतावा, असं बाबा म्हणाले.

१९२७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि ऑगस्ट १९३० मध्ये ते मिळालं. त्याआधीच, १९२९ मध्ये, पोस्टम कंपनी आणि गोल्डमन सॅक्स यांनी मिळून त्याची कंपनी आणि पेटंट २ कोटी २० लाख डॉलरना विकत घेतली होती. शेअर बाजार कोसळला ते हेच वर्ष. त्यातले बहुतेक पैसे पेटंटचे, यंत्रांचे फार थोडे. पोस्टमचं नाव पुढे जनरल फूड्स झालं आणि मालावर त्याचंच आडनाव दोन शब्दांत तोडून छापलं गेलं. ६ मार्च १९३० ला स्प्रिंगफील्ड गावातल्या १८ दुकानांत मांस, मासे, ऑयस्टर, पालक, मटार, फळं असे २६ प्रकार विक्रीला ठेवले. म्हणून लगेच क्रांती वगैरे झाली असं समजू नका. दुकानात शून्याखालचं कपाट नाही, रेल्वेला तसा डबा नाही, घरात फ्रीझर नाही. स्वस्त भाड्याची कपाटं १९३४ पासून दुकानांत यायला लागली, थंड राहणारे रेल्वेचे डबे १९४४ मध्ये. मधली साखळी तुटली की मशीन कितीही भारी असो, माल वाटेतच वितळणार.

पेटंटबद्दल माझं मत मैत्रिणींना पटत नाही. त्या म्हणतात इन्युइट लोकांची विद्या याने चोरली आणि श्रीमंत झाला. मला ते तितकं सरळ वाटत नाही. झटपट गोठवण्याचा शोध आपला नाही, ते लोक शतकानुशतकं हे करत आले, हे तो स्वतः मान्य करत असे. पेटंट होतं ते पट्ट्यांचं, खोक्यांचं, पद्धतीचं, आणि ते बनवताना तो एकदा पार बुडाला होता. पण त्यांना काही मिळालं का, तर नाही, एक डॉलरही नाही. बर्फावर टाकलेला मासा चांगला राहतो हे ज्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत होतं त्यांनी त्याचा अर्ज करायचा तरी कुठल्या ऑफिसात? कातडी विकत घेताना तो पैसे मोजत होता, हे मात्र विकत घ्यावं लागेल असं त्याच्या काळात कुणाला वाटलंच नाही. आमचं बोलणं रात्री दीडपर्यंत चाललं आणि शेवटी रेक्टर आल्या.

पैसे मिळाल्यावर तो स्वस्थ बसला नाही. १९३५ मध्ये दिव्यांची कंपनी काढली, आतूनच आरशासारखा लेप असलेले बल्ब आणि उष्णता देणारे इन्फ्रारेड दिवे बनवले, १९३९ ला ती विकली. देवमाशांवर खुणेचे भाले मारायला धक्का न देणारी बंदूक केली. देशोदेशीची मिळून त्याची पेटंट तीनशेच्या घरात सांगितली जातात. साठी उलटल्यावर तो पेरूला गेला, कशासाठी, तर उसाच्या चोयट्यांपासून कागदाचा लगदा करायला! आमच्या वर्गात निम्मी मुलं साखर कारखान्यांच्या पट्ट्यातली आहेत, त्यांना मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांना या माणसात रस वाटला. चोयट्या बॉयलरमध्ये जाळायच्या की कागदाला द्यायच्या हा वाद त्यांनी घरी जेवताना ऐकलेला असतो. १९५३ ते १९५५ अशी दोन वर्षं तो तिथे होता. त्या उंच डोंगराळ देशात हृदयाने त्रास दिला आणि त्याला परतावं लागलं.

७ ऑक्टोबर १९५६ ला न्यूयॉर्कमधल्या ग्रॅमर्सी पार्क हॉटेलमध्ये हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. वय ६९. त्याची राख ग्लॉस्टरच्या समोर समुद्रात सोडली, जिथून त्याच्या पट्ट्यांवरचे मासे यायचे.